पाणी साचते तळाशी, शिरते भलतीकडून!
नौकेतील गळतीचा उगम शोधण्याचे शास्त्र

वेसावे, प्रतिनिधी

पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो आणि वेसावे, मढ, मनोरी, गोराई या मुंबई उपनगरांच्या किनाऱ्यांवर शाकारून ठेवलेल्या नौका पुन्हा पाण्यात उतरतात. दोन महिने कोरड्यावर उभ्या असलेल्या लाकडी नौकेच्या तळाशी पहिल्या दिवशी थोडेफार पाणी दिसले, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. तेच पाणी आठवडा उलटल्यावरही दिसत राहिले, की मात्र तांडेलाच्या कपाळावर आठी उमटते. पाणी येते आहे हे सर्वांना दिसते. ते येते कोठून, हे कोणालाच दिसत नाही. नौकेच्या दुरुस्तीतील सर्वांत अवघड प्रश्न हाच होय. मग ती नौका वेसाव्याची मासेमारी बोट असो, गोराईच्या खाडीतील प्रवासी होडी असो, की जगप्रदक्षिणेला निघालेली शिडाची नौका असो.

उपनगरातील फ्लॅटधारकांना हा प्रश्न वेगळ्या रूपात चांगलाच परिचित आहे. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या इमारतीत दिवाणखान्याच्या छतावर ओल उमटते. वरच्या मजल्यावरील रहिवाशाचे स्नानगृह मात्र दुसऱ्याच टोकाला असते. पाणी स्लॅबमधून आडवे वाहत जाते आणि जेथे वाट मिळेल तेथे खाली उतरते. ओल जेथे दिसते तेथे गळती नसते, हा गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये नेहमी भांडणाचा विषय होणारा नियम नौकेलाही तंतोतंत लागू पडतो. फरक एवढाच, की इमारतीतील गळतीने रंग खराब होतो; नौकेतील गळतीने माणसे बुडतात.

दिसते तेथे का नसते?

नौकेचा आकारच असा असतो, की आत आलेले सारे पाणी कण्याच्या दिशेने, म्हणजे तळातील सर्वांत खोल भागाकडे धावते. नाळेजवळ, म्हणजे पुढील टोकाशी शिरलेले पाणी फासळ्यांच्या कडेकडेने सरकत मागे इंजिनाखाली येऊन साचते. पाहणाऱ्याला वाटते, इंजिनाजवळच काहीतरी गळते आहे. पाण्याचा पातळ पापुद्रा लाकडाला चिकटून पुष्कळ अंतर वाहत जाऊ शकतो. एखादी तार, नळी किंवा आडवी पट्टी वाटेत आली, तर तिच्या आधाराने तो डावीकडून उजवीकडेही जातो. त्यातच नौका सतत हलत असते. ती एका बाजूला कलली, की तळातील पाणीही त्या बाजूला जाते आणि मूळ वाट पुसून टाकते.

अलीकडच्या काळात पुष्कळ लाकडी नौकांवर बाहेरून फायबरचे आवरण चढविले जाते. त्यामुळे हा गुंता अधिकच वाढतो. आवरणाला एका ठिकाणी चीर पडली, तर पाणी आवरण आणि लाकूड यांच्या मधल्या पोकळीतून फिरत भलत्याच फटीतून आत उतरते. बाहेर चीर एकीकडे, आत थेंब दुसरीकडे, आणि मधले लाकूड मात्र कोणाच्या नकळत कुजत राहते.

मुंबईच्या नौकेची एक जगप्रसिद्ध गळती

गळतीचा शोध कसा घ्यावा, याचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच बांधल्या गेलेल्या एका शिडाच्या नौकेने जगाला दिले आहे. तिचे नाव ‘सुहेली’. इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी या नावाने ओळखतात. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ही अवघी ३२ फुटांची सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधून घेतली. ती घडविणारे कारागीर येथलेच होते आणि त्यांची हत्यारेही परंपरागतच होती. डिसेंबर १९६५ मध्ये ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. पुढे १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावर एकटेच निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. अशी एकट्याने केलेली ही जगातील पहिली विनाथांबा प्रदक्षिणा होती.

ही प्रदक्षिणा आरंभीच संपण्याची वेळ आली होती. अटलांटिक महासागरात केप व्हर्द बेटांच्या परिसरात असताना नौकेत नेहमीपेक्षा अधिक पाणी येऊ लागले. आतून पाहून उगम सापडेना. अखेरीस शांत हवा मिळताच ते स्वतः पाण्यात उतरले. तळ तपासताना, पाण्याखाली सुमारे पाच फुटांवर, कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्याला डोलकाठीच्या आसपास सुमारे आठ फूट लांबीची फट पडलेली त्यांना आढळली. नौका लाटांवर हलताना ही फट उघडझाप करीत असावी, असा तर्क त्यांनी केला.

एवढ्यावर दुरुस्ती झाली नाही. लाकडी नौकेच्या फटीत पिळलेला कापूस ठासून भरावयाचा, ही परंपरागत पद्धत. पण श्वास रोखून पाण्याखाली कापूस ठोकताना, श्वास घेण्यासाठी ते वर येईपर्यंत तो बाहेर निघून येई. तेव्हा त्यांनी कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, त्याला डांबर लावले आणि ती पट्टी लहान खिळ्यांनी फटीवर ठोकली. तिच्यावर पुढे तांब्याची पट्टी बसविली. हे काम चालू असताना एक शार्क तेथे घोटाळू लागला, म्हणून त्यांना मध्येच वर येऊन बंदूक हाती घ्यावी लागली. एका बाजूचे काम आटोपल्यावर दुसऱ्या बाजूच्या सांध्यालाही तोच उपचार करावा लागला.

या प्रसंगातून तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, पाणी आतून शोधून सापडले नाही तेव्हा शोध बाहेरून झाला. दोन, फट सापडल्यावरही ती ‘का पडली’ याचा विचार झाला. म्हणूनच दुसरी बाजूही तपासली गेली. तीन, पट्टी बाहेरून बसविली गेली. बाहेरील पाण्याचा दाब अशा पट्टीला फटीवर दाबून धरतो, तर आतून लावलेल्या लेपाला तोच दाब ढकलून काढतो. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज १७७० साली ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळखडकावर आदळले, तेव्हाही हेच तत्त्व कामी आले होते. दोरांचे धागे आणि लोकर लावलेले शीड जहाजाच्या तळाखालून ओढून भोकावर आणले गेले आणि पाण्यानेच ते भोकात दाबून बसविले.

‘सुहेली’चा वारसा महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावर आजही जिवंत आहे. या प्रदक्षिणेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ साली झालेल्या स्पर्धेसाठी नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची ‘तुरिया’ ही ‘सुहेली’ची प्रतिकृती गोव्यातच बांधली गेली.

फट लहान, हिशेब मोठा

किती पाणी येते, यावरून फटीचा अंदाज बांधता येतो. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाकाठी चार-सव्वाचार लिटर पाणी जमते. म्हणजे जेमतेम अर्धी बादली. यामुळे नौका बुडत नाही, पण लाकूड मात्र कुजते.

आता दोन फळ्यांमधील फट पाहू. साधारण कागदाच्या जाडीची, म्हणजे ०.१ मिलिमीटरची, एक मीटर लांब फट चार सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांमध्ये एक मीटर खोलीवर असेल, तर भौतिकशास्त्राच्या सूत्रानुसार तिच्यातून मिनिटाला सुमारे सव्वा लिटर पाणी येईल. दिवसाचे झाले सुमारे १,८०० लिटर. खरी मेख पुढेच आहे. हीच फट दुप्पट रुंद झाली, तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट येते. काल हाताने उपसून संपणारे पाणी आज पंपालाही आवरत नाही, याचे कारण हेच. फट थोडीशीच रुंदावलेली असते. पाणी मात्र कितीतरी पटींनी वाढते.

याउलट एखादी रबरी नळी निसटून २५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर, म्हणजे तासाला साडेतीन टनांहून अधिक पाणी आत येईल. तेव्हा उगम शोधण्यास तास नव्हे, मिनिटे मिळतात. म्हणूनच नौकेच्या तळाला जितकी भोके मुद्दाम पाडलेली आहेत, ती कोठे कोठे आहेत हे नौकेवरील प्रत्येकाला तोंडपाठ असावयास हवे, आणि प्रत्येक भोकाच्या मापाचे निमुळते लाकडी बूच त्याच्याजवळच बांधून ठेवलेले असावे.

पहिला प्रश्न : पाणी कोणते?

शोधाची सुरुवात हत्याराने नव्हे, प्रश्नाने होते. तळात जमलेले पाणी खारे आहे की गोडे?

गोडे असेल, तर नौकेच्या बुडाला दोष देण्याआधी इतर वाटा तपासाव्यात. मासेमारी नौकेवर बर्फाचा मोठा साठा असतो. तो वितळून तळात उतरतो. पिण्याच्या पाण्याची टाकी पाझरत असते. पावसाचे पाणी डेकच्या सांध्यांतून, झाकणांच्या कडांतून, डोलकाठीच्या बुंध्यापासून आत येते. शिडाच्या नौकेत डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्यांच्या बोल्टांभोवतीचा भाग हे पावसाचे पाणी शिरण्याचे आवडते ठिकाण होय. तारा ताणल्या की तेथील सांधा हलतो आणि लेप फाटतो.

पाणी खारे असेल, तर ते बाहेरून आले हे उघड. पण मुंबईच्या खाड्यांत येथेही फसगत होऊ शकते. भर समुद्रातील पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात मालाड, मनोरी किंवा ठाण्याच्या खाडीत हे प्रमाण पुष्कळ घटते. त्यामुळे चवीवर विसंबून राहता येत नाही. शिवाय सांडपाणी मिसळलेल्या खाडीचे पाणी जिभेला लावणे आरोग्याच्या दृष्टीने योग्यही नाही. त्याऐवजी घरातील जलशुद्धीकरण यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ जो टीडीएस मीटर वापरतो, तोच येथे उपयोगी पडतो. तळातील पाणी, नौका ज्यात उभी आहे ते पाणी आणि टाकीतील पिण्याचे पाणी अशा तिन्हींची मोजणी करून तुलना करावी. भर समुद्राचे पाणी साध्या मीटरच्या मापाबाहेर जाते. ते मोजावयाचे झाल्यास एक भाग पाण्यात नऊ भाग नळाचे पाणी मिसळून पाहावे आणि तिन्ही नमुन्यांना तोच नियम लावावा. मीटर नसेल, तर काळ्या ताटलीत थोडे पाणी उन्हात सुकवावे. मागे पांढरी खर उरली, की पाणी खारे.

पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय, ते कोमट आहे काय, हेही पाहावे. कोमट पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांकडे बोट दाखविते.

दुसरा प्रश्न : केव्हा येते?

गळतीचा उगम सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे घड्याळ. तळ पूर्ण उपसून कोरडा करावा आणि पुढे ठरावीक वेळाने किती बादल्या पाणी निघाले याची वहीत नोंद ठेवावी. प्रत्येक नोंदीसमोर नौका काय करीत होती, ते लिहावे.

नौका नांगरून उभी असतानाही पाणी तेवढेच येत असेल, तर उगम पाण्याच्या पातळीखाली आणि कायमचा उघडा आहे. फक्त इंजिन चालू असताना येत असेल, तर पंख्याचा शाफ्ट जेथून बाहेर पडतो तो भाग, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि त्याच्या नळ्या यांच्यावर संशय जातो. शीड लावून एका बाजूला कलल्यावरच येत असेल, तर कलणाऱ्या बाजूचा एरवी पाण्यावर राहणारा भाग तपासावा. तेथील डेक आणि बूड यांचा सांधा त्या वेळी पाण्यात जातो. समोरून लाटा घेतानाच पाणी येत असेल, तर नाळेकडे, आणि भरपूर माल भरल्यावरच येत असेल, तर पाण्याच्या नेहमीच्या रेषेच्या किंचित वर शोध घ्यावा.

वेसाव्यासारख्या खाडीत आणखी एक वेळ महत्त्वाची ठरते, ती ओहोटीची. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरहूनही उंच चढते. भरती-ओहोटीतील या मोठ्या फरकामुळे ओहोटीला खाडीतील नौका चिखलावर टेकतात. पाण्याने सर्व बाजूंनी पेललेले वजन तेव्हा केवळ कण्यावर आणि एका कुशीवर येते. टेकून उठल्यावर पहिल्या तासात पाणी अधिक येत असेल, तर कण्याजवळच्या सांध्यांची उघडझाप होत आहे, असे समजावे.

तिसरा टप्पा : कोरडे करा, भाग पाडा

प्रश्नांची उत्तरे मिळाली, की शोधाचा परीघ पुष्कळ आवळतो. पुढील काम संयमाचे. तळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. मग संशयित भागात रांगोळीची किंवा टाल्कम पावडरची हलकी पूड भुरभुरावी. पाण्याचा पहिला ओघळ त्या पुडीत स्वतःची वाट रेखून ठेवतो. त्या वाटेने खालून वर जात राहावे, कारण पाणी वरून खाली आलेले असते. ओघळाचे वरचे टोक जेथे संपते, तेथे उगम असतो किंवा निदान पाणी आतल्या बाजूस प्रकट होण्याची जागा असते.

पाणी सर्वत्र पसरत असेल, तर फासळ्यांच्या मधल्या भागांत शाडूच्या मातीचे किंवा पुटीचे छोटे बांध घालावेत. तळाचे चार-पाच कप्पे झाले, की कोणता कप्पा आधी भरतो हे दिसते. मग त्या एकाच कप्प्याचे पुन्हा भाग पाडावेत. अख्ख्या नौकेतील शोध अशा रीतीने हातभर जागेवर येतो.

वरून येणाऱ्या पाण्यासाठी नळीची चाचणी करतात. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून पाणी सोडतो. येथे नियम एकच : सुरुवात खालून करावी आणि एकेका पातळीवर दहा-दहा मिनिटे थांबून वर सरकावे. वरून सुरुवात केली, तर पाणी खालच्या सर्व सांध्यांवरून ओघळते आणि कोणता सांधा दोषी, हे कळेनासे होते.

नौका किनाऱ्यावर ओढलेली असेल, तर उलटी चाचणीही उपयुक्त ठरते. इमारतीच्या गच्चीवर पाणी साठवून गळती पाहतात, तसेच नौकेच्या आत थोडे पाणी सोडावयाचे आणि बाहेरून बुडावर कोठे थेंब उमटतात ते पाहावयाचे. मात्र पाणी वीतभरापेक्षा अधिक भरू नये. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन होते आणि टेकूंवर उभी असलेली नौका आतून असा भार घेण्यासाठी बांधलेली नसते.

पाण्यात उभ्या नौकेखाली माणूस उतरवून तपासणी करावयाची असेल, तर इंजिन बंद, किल्ली तांडेलाच्या खिशात आणि वर दुसरा माणूस हजर, हे पथ्य पाळलेच पाहिजे. संशयित सांध्याजवळ बाहेरून थोडे रंगीत पाणी सोडले आणि तोच रंग आत उतरला, तर शोध संपला.

नेहमीचे संशयित

पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो तेथील ग्लँड हे पहिले स्थान. या जागी वंगण लावलेली दोरी आवळून बसविलेली असते. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडणे हा दोष नव्हे. ते पाणीच शाफ्टला थंड ठेवते. थेंब पूर्ण थांबावेत म्हणून तो करकचून आवळला, तर दोरी जळते आणि शाफ्ट झिजतो. थेंबांची धार झाली किंवा शाफ्ट थांबल्यावरही गळती थांबत नसेल, तरच काळजीचे कारण.

दुसरे स्थान तळातील झडपा आणि त्यांना जोडलेल्या रबरी नळ्यांचे. तिसरे सुकाणूचा दांडा आत येतो त्या जागेचे. चौथे खिळ्यांचे. लोखंडी खिळा गंजला, की त्याच्याभोवतीचे लाकूडही खराब होते आणि फळीवर काळसर डाग उमटतो. असे डाग एका रांगेत दिसले, तर प्रश्न एका खिळ्याचा राहत नाही.

पाचवा संशयित डोळ्यांना दिसतच नाही. लाकूड पोखरणारा ‘शिपवर्म’ हा नावाने किडा असला, तरी प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लावस्थेत आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लाकडाची चाळण करतो. फळी वरून धडधाकट दिसते; हातोडीने ठोकली तर मात्र खणखणीत नव्हे, बद्द आवाज देते. किनाऱ्यावर नौका असताना बुडाची अशी ठोकणी करणे म्हणजे डॉक्टरने छाती तपासण्यासारखेच आहे.

घाईचा उपाय, नव्या आजाराचे मूळ

लाकडी नौकेबाबत सर्वांत महाग पडणारी चूक ही उगम न शोधताच केलेल्या दुरुस्तीची असते. कोरड्यावर राहिलेले लाकूड आकसते आणि फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात. पाण्यात उतरल्यावर तेच लाकूड फुगते आणि दोन-चार दिवसांत फटी आपोआप मिटतात. मात्र मालकाने घाबरून कोरड्या फटींत कापूस ठासून ठासून भरला, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात आणि फासळ्यांवरून खिळ्यांसह उचकटू लागतात. ज्या गळतीला केवळ वाट पाहणे हे औषध होते, तेथे बुडाचेच काम काढावे लागते. म्हणून पाण्यात उतरविण्यापूर्वी काही दिवस ओली पोती घालून लाकूड भिजवीत ठेवणे हा सोपा आणि स्वस्त उपाय ठरतो.

सागवान उत्तम असेल आणि सांधे नीट असतील, तर लाकडी नौका किती टिकते, याचा दाखलाही मुंबईचाच आहे. वाडिया घराण्यातील कारागिरांनी मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्याहून जुन्या परंपरेत तर खिळेच नव्हते. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली नौदलाची ‘कौंडिण्य’ ही गोव्यात घडलेली नौका डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. शिवलेली नौका लाटेबरोबर लवते. नौका हलणारच, हे गृहीत धरून सांधा घडविणे हे त्या कारागिरीचे मर्म होय. गळतीचा शोध घेतानाही हेच सूत्र लक्षात ठेवावे लागते. उभ्या, शांत नौकेत न दिसणारी फट लाटेवर उघडते.

पंप म्हणजे उपचार नव्हे

आता पुष्कळ नौकांवर पाणी वाढताच आपोआप चालू होणारा विजेचा पंप असतो. तो जीव वाचवितो, यात शंका नाही. पण तोच गळती लपवितोही. पंप रात्री किती वेळा चालला याची नोंद नसेल, तर फट रुंदावत आहे हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. एके दिवशी बॅटरी उतरते, पंपाच्या तोंडात चिंधी अडकते, आणि इतके दिवस झाकलेले सत्य तासाभरात गुडघाभर पाण्याच्या रूपाने समोर उभे राहते. पंपाला चालू झाल्याची वेळ मोजणारे साधे उपकरण आणि पाणी ठरावीक पातळीवर गेल्यास वाजणारी घंटा जोडून घेणे, हा त्यावरील उपाय.

समुद्रात असताना पाणी अचानक वाढले, तर क्रम वेगळा असतो. प्रथम सर्वांनी जीवरक्षक जाकिटे चढवावीत. व्हीएचएफ संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर लगेच कळवावे. परिस्थिती हाताबाहेर जाण्याची वाट पाहू नये. मग तळातील झडपा एकामागून एक बंद कराव्यात. फट एका कुशीला असेल, तर माल आणि माणसे दुसऱ्या बाजूला हलवून नौका कलती करावी. फट जितकी वर येईल, तितका पाण्याचा दाब कमी होतो. भोक सापडल्यास बूच, गोधडी, जाकीट, जे हाती लागेल ते ठासावे, आणि शक्य असल्यास शिडाचे कापड किंवा ताडपत्री बाहेरून ओढून घ्यावी.

कोणत्या गळतीसह समुद्रात जावे आणि कोणत्या गळतीसह जाऊ नये, हा निर्णय अखेर तांडेलाचा असतो. त्याला मदत करणारी कसोटी मात्र सोपी आहे. पाणी किती येते, यापेक्षा ते कोठून येते हे ठाऊक आहे काय, आणि त्याचे प्रमाण स्थिर आहे काय, हे पाहावे. उगम माहीत असलेली आणि आठवडाभर तेवढीच राहिलेली अर्धी बादली ही देखभालीची बाब आहे. उगम माहीत नसलेली आणि रोज थोडी थोडी वाढणारी अर्धी बादली ही धोक्याची सूचना आहे. ती मिळाल्यावर नौका किनाऱ्यालाच ठेवावी. बुडालेला एक दिवस पुढील फेरीत भरून निघतो. नौका आणि तिच्यावरील माणसे मात्र भरून निघत नाहीत.